जनरलसाहेबांची बायको

मंदीचं पहिलं वर्ष होतं. नवरा दुबईत बांधकाम कंपनीत इंजिनियर, आणि मी त्याच्या व्हिसावर. त्यावर स्पष्ट छापलेलं होतं: गृहिणी, नोकरीची परवानगी नाही. तरी मी दुबईतल्या इंटरनॅशनल सिटी या आमच्या वस्तीतून शेजारच्या शारजाच्या औद्योगिक भागात चोरून कामाला जात होते. तिथे एका मल्याळी गृहस्थांचं फ्रेमिंगचं वर्कशॉप होतं. एका नव्या हॉटेलसाठी एकोणिसाव्या शतकातली छापील व्यक्तिचित्रं फ्रेम होत होती आणि प्रत्येकाची माहिती मी लिहायचे.

पुरुषांचं सोपं होतं. नाव, हुद्दा, जिंकलेली लढाई, सगळं चित्राखाली छापलेलं. सुरकुत्या, चामखीळसुद्धा जशीच्या तशी. बायकांचे चेहरे मात्र बारीक ठिपक्यांनी उमटवलेले, गुळगुळीत. उतरते खांदे, नजर बाजूला. पन्नाशीची कोण आणि विशीची कोण, कळायचं नाही. खाली बहुतेक वेळा एवढंच: अमक्याची पत्नी, तमक्याची कन्या.

नवऱ्याला नोकरी संपल्याची नोटीस मिळाली त्याच आठवड्यात वर्कशॉपमध्ये कामगार खात्याचे दोन इन्स्पेक्टर शिरले. मालक पुटपुटले, "बहनजी, आप कस्टमर हो." हातातलं चित्र मी घाईने टेबलावर ठेवलं.

"ये कौन है?" एकाने चित्रावर बोट ठेवलं.

"किसी जनरल की वाइफ."

"नाम?"

"लिखा नहीं है."

"और तुम?"

माझं स्वतःचं नाव तोंडातून निघेना. "इंजिनियर की वाइफ," मी म्हटलं, आणि नवऱ्याच्या कंपनीचं नाव सांगितलं. नोटिशीबद्दल बोलले नाही. त्याने ओळखपत्रासाठी हात पुढे केला, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "यल्ला, चलो," तो जोडीदाराला म्हणाला आणि दोघे निघून गेले.

घरी सांगितल्यावर नवरा "उद्यापासून जाऊ नकोस," एवढंच म्हणाला.

गेले नाही. पण दारावरची बेल वाजली की मी आमच्या लहान मुलीला तोंडावर बोट ठेवून गप्प करायचे. "मम्मा, इट्स ओन्ली द लॉन्ड्री मॅन," ती कुजबुजायची. तरी मी दार उघडत नसे.

महिन्याभरात व्हिसा रद्द झाले. विमानतळावर अधिकारी माझा पासपोर्ट चाळत होता तेव्हा नवऱ्याचा हात मी इतका घट्ट धरला होता की त्याच्या मनगटावर माझी नखं रुतली. शिक्का पडला. अधिकाऱ्याने मान वर करून पाहिलंही नाही.