लाइटवालं मॉडेल येईपर्यंत

माझ्या मित्राची नजर जात होती आणि आम्ही त्याच्या मशीनचे स्क्रू काढत बसलो होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण गोष्ट रंगवून सांगण्यात मला काडीचा रस नाही. आम्ही मूर्ख होतो असं म्हणून सुटताही येत नाही. मूर्ख माणूस निदान दुसऱ्याला विचारतो तरी. आम्हाला त्या मशीनमधलं सगळं कळत होतं, आणि तेच नडलं.

मशीन म्हणजे हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम. साल दोन हजार दोन. धारवाडात सप्तापूरच्या आमच्या भागात अशी तीनच मशीन होती. एक माझ्याकडे, एक माझ्या मित्राकडे आणि एक उणकलहून बसने येणाऱ्या आमच्या तिसऱ्या भिडूकडे. तो हुबळीला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करायचा, म्हणून त्याला आम्ही डिप्लोमा म्हणायचो. तिन्ही मशीन कुणाच्या ना कुणाच्या परदेशातल्या मामाच्या बॅगेतून आलेली. त्यांची एक खोड होती. पडद्याला स्वतःचा लाइटच नव्हता. ट्यूबलाइटखाली धरलं की त्यात गेम कमी आणि आपलं थोबाड जास्त दिसायचं. खेळायचं तर ऊन हवं, आणि तेही पाठीमागून, खांद्यावरून येणारं. म्हणून आमची बैठक दुपारी चारला, मित्राच्या गच्चीवर. ऊन सरकेल तसे आम्हीही बूड सरकवायचो. खालून काकू, म्हणजे मित्राची आई, ओरडायच्या, "अरे, वाळवणासारखे काय पसरलाय रे उन्हात!"

काय काय बोलायचो आम्ही! अधिकच्या चिन्हासारखं जे बटण असतं त्याला अंगठ्याच्या टोकाने दाबायचं की पेराने, यावर एकदा दोन तास भांडण झालं होतं. लहानपणचा वायरवाला टीव्ही गेम, त्याचे चौकोनी कंट्रोलर, फुंकर मारून लावायच्या पिवळ्या कॅसेटी, यावर तर आमचं जन्माचं पारायण. बातम्या आणायचं खातं माझ्याकडे होतं. सायबर कॅफेत बसून मी परदेशी खेळाडूंच्या चर्चा वाचायचो, त्यातली चार पानं प्रिंट काढून आणायचो आणि गच्चीवर मोठ्याने वाचून दाखवायचो. कुठला गेम येणार, कुठला रद्द झाला. माझ्या तोंडाचा पट्टा एकदा सुटला की कुणाच्या बापाचं ऐकत नसे.

मित्र आमच्यात सगळ्यात भारी खेळायचा. दसऱ्यानंतर तो हरायला लागला.

पहिल्यांदा गंमत वाटली. डावीकडून शत्रू आला की हा मेलाच. दर वेळी डावीकडूनच. तो चिडून म्हणायचा, "अरे, हा आला कुठून?" मी म्हणायचो, "आला तसाच, चालत! तुला काय पत्रिका पाठवायची होती?" मग तो कबूल करायचा की दाबलं होतं, पण लागलं नाही. दाबलं होतं आणि लागलं नाही म्हटल्यावर डिप्लोमाचे डोळे चमकले. या मशीनच्या खांद्यावर दोन बटणं असतात, डावं आणि उजवं, आणि त्यातलं डावं लवकर बाद होतं, हे आम्हा तिघांनाही पाठ होतं. ढालीचं काम तेच बटण करायचं. सगळं बरोबर जुळलं. शंकेला जागाच उरली नाही.

डिप्लोमाने गच्चीवर वर्तमानपत्र पसरून मशीन उघडलं. स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं. पुढच्या शनिवारी हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका रिपेअरवाल्याकडून जुन्या कंट्रोलरमधलं रबर आणून, कापून, आत बसवलं. बटण असं काही टकटक वाजायला लागलं की मला हेवा वाटला. मित्राने गेम लावला आणि तिसऱ्या मिनिटाला डावीकडून आलेल्या शत्रूच्या हातून मेला.

"याकलेऽ, काय झालं?" डिप्लोमा वैतागला. आपल्या हातच्या कामावर कुणी शंका घेतली की तो कानडीत शिरायचा.

"सवय नाही रे अजून नव्या रबराची," मित्र म्हणाला.

आम्हाला ते पटलं. पटणारच. आम्ही तिघांनी मिळून नव्या रबराच्या सवयीवर आणखी अर्धा तास चर्चा केली. खाली उतरताना जिन्याच्या डाव्या कठड्यावर त्याचा खांदा जोरात आपटला. आपल्याच घराच्या जिन्यात. मी हसलो. त्या हसण्याची आठवण झाली की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दिवाळीनंतर त्याने नवे गेम खेळणं सोडलं. जुने, टीव्हीवरचे गेम या मशीनवर पुन्हा निघाले होते, तेवढेच तो खेळायचा. आम्ही डिवचायचो, म्हातारा झालास म्हणायचो. तो उलट आमच्यावरच तुटून पडायचा, की हल्लीच्या गेममध्ये नुसता रंगांचा चिखल, खेळ कुठे आहे? कसला वाद घालायचा! मी तर त्या वादावर फिदा होऊन त्याची बाजू घ्यायला लागलो. ते जुने गेम तो खरंच सपासप संपवायचा. पडद्याकडे न बघता खेळतोय असं वाटावं इतक्या सहज.

गच्चीवरून खाली जायची वेळही लवकर यायला लागली. आधी सहाला आम्ही सगळेच उठायचो. मग साडेपाचला तो एकटाच म्हणायला लागला, "चला, ऊन गेलं." ऊन असायचं. गच्चीच्या कठड्यावर चांगलं पिवळंधमक पडलेलं असायचं. मग सव्वापाच, मग पाच. प्रत्येक वेळी मी माझ्या पडद्याकडे बघायचो, मला दिसत असायचं. त्याच्या मशीनचा पडदा माझ्यापेक्षा मंद निघालाय, एवढं उत्तर मला पुरायचं.

संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेलो तेव्हा काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. मित्र पुढच्या खोलीत होता. त्यांनी दार लोटलं आणि हळू आवाजात विचारलं, "बाळा, खरं सांग. त्याला नीट दिसतं का रे?"

मी म्हटलं, "का हो काकू?"

"काल ताटातली कोशिंबीर वाढलेली त्याला दिसली नाही. डाव्या बाजूला होती. मामंजींचं अस्संच सुरू झालं होतं. आम्ही म्हातारपण म्हणून सोडून दिलं आणि शेवटची सात वर्षं त्यांना हाताला धरून न्यावं लागलं." बोलताना त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "हुबळीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात दाखवावं म्हणते. हा म्हणतो, मशीनचाच दोष आहे. तुला यातलं कळतं, तू सांग."

मला यातलं कळत होतं! मग काय विचारता. मी ओट्याला टेकून अक्कल पाजळली. त्या पडद्याला लाइटच नसतो, जगभरातली पोरं हीच तक्रार करतात, त्याने डोळ्यांवर ताण येतो आणि मग थोडे दिवस सगळीकडेच अंधूक वाटतं, असं सगळं धडाधड सांगितलं. त्यातलं शेवटचं मी तिथल्या तिथे बनवलं होतं. आणि खिशातून प्रिंट काढून दाखवला. त्याच आठवड्यात बातमी आली होती. नवीन मॉडेल येतंय, घडी घालता येणारं, आणि पडद्याला आतून लाइट असलेलं. "माझा मावसभाऊ मे महिन्यात येताना आणतोय, काकू. त्याच्यावर खेळला की बघा कसं लख्ख दिसतं ते. तेव्हाही नाही दिसलं तर खुशाल दवाखान्यात न्या."

काकूंनी तो इंग्रजी कागद हातात घेऊन उलटसुलट बघितला. त्यांचा जीव भांड्यात पडलेला मला दिसला. "मग मे महिन्यापर्यंत थांबू म्हणतोस?"

"थांबा की. काय घाई आहे?"

जानेवारी ते मे. आता मोजवत नाही. त्या काळात त्याने रस्ता ओलांडताना दोनदा माझा दंड धरला, एकदा कॉलेजात भलत्याच मुलाला माझ्या नावाने हाक मारली, आणि मी दर वेळी म्हणालो, "आता येतंय रे नवीन मॉडेल." तोही मान डोलवायचा. पुढे पुढे तर तोच रोज विचारायला लागला, मावसभाऊ निघाला का, तिकीट काढलं का. त्याच्या विचारण्यात एक घाबरटपणा होता. मला तो उत्साह वाटला.

मे महिन्यात मशीन आलं. मी ते आधी स्वतः खेळलोसुद्धा नाही, तसंच त्याच्या घरी घेऊन गेलो. दुपारची वेळ, पुढची खोली, खिडक्यांना ऊन अडवायला पडदे ओढलेले. डिप्लोमाही आला होता. काकू स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभ्या राहिल्या. मी घडी उघडून मशीन चालू केलं. पडदा कसा निळसर उजळला! "अय्यो, मस्त!" डिप्लोमा ओरडला. मी मशीन मित्राच्या हातात दिलं.

त्याने ते तोंडाजवळ नेलं, थोडं वाकडं केलं, मग सवयीने खांद्यावरून ऊन घेतात तसा खिडकीकडे पाठ करून बसला. "लाइटचं बटण कुठलं?" त्याने विचारलं.

"मधलं, पडद्याखालचं. पण..."

त्याने ते दाबलं. लाइट गेला. पडदा काळपट पडला. आणि तो मान वर करून, मोठ्याने, हसून म्हणाला, "हां! आता कसं लख्ख दिसतंय!"

डिप्लोमा हसला. त्याला वाटलं, चेष्टा चाललीय. मला हसता आलं नाही. मी काकूंकडे बघितलं, काकू माझ्याकडेच बघत होत्या, आणि माझ्या तोंडावरून त्यांनी सगळं वाचलं. त्या तशाच आत गेल्या आणि चपला शोधायला लागल्या.

हुबळीला जाताना बसमध्ये मित्राने सांगितलं की दिवाळीपासून तो गाणी ऐकून खेळत होता. जुन्या गेमची गाणी त्याला पाठ होती, कुठल्या सुरावर शत्रू येतो ते ठाऊक होतं. "आणि आज? लख्ख म्हणालास ते?" मी विचारलं. तो म्हणाला, "तू एवढी वाट बघितलीस रे. आणि नाही म्हटलं असतं तर दवाखानाच होता पुढे." त्याने आजोबांना सात वर्षं हाताला धरून फिरवलं होतं. पुढे काय असतं ते त्याला आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं माहीत होतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांतलं प्रेशर मोजलं, डोळ्यामागची नस बघितली, आणि पुन्हा मोजलं. काचबिंदू. डावा डोळा जवळजवळ गेलेला, उजव्यात मधलं थोडं शिल्लक. गेलं ते परत येत नाही, म्हणाल्या. राहिलेलं थेंबांनी आणि ऑपरेशनने टिकवायचा प्रयत्न करू. मग त्यांनी पेन खाली ठेवून कानडीत विचारलं, "एष्टु दिवस आत?" किती दिवस झाले याला? चार-सहा महिने आधी आणला असता तर पुष्कळ वाचलं असतं, तुम्ही घरचे करत काय होतात?

मी काकूंच्या शेजारी उभा होतो. आता माझं नाव येणार म्हणून मी भिंतीकडे बघत होतो.

"माझंच दुर्लक्ष झालं," काकू म्हणाल्या. "पोरगा दिसत नाही म्हणून सांगत होता, मीच मनावर घेतलं नाही."

तोंड उघडायला मला तो एक क्षण होता. संक्रांतीपासून न थकता चाललेलं माझं तोंड त्या क्षणी उघडलं नाही.

त्याचा उजवा डोळा अजून थोडा टिकून आहे. काकू मात्र कुणीही विचारलं तरी तेच उत्तर देतात. परवा माझ्या बायकोलाही त्यांनी तेच सांगितलं, आईच असून मला कळलं नाही म्हणून डोळ्यांना पदर लावला. मी समोरच बसलो होतो. मी चहा प्यायलो.