बाईंनी दिलेले चोवीस फटके

बारामतीहून इंदापूरकडे जाताना, जिथं कालव्याचं पाणी पोचत नाही, तिथं माझ्या एका मित्राचा मुरमाड माळ आहे. फौजेतून निवृत्त होऊन आला तेव्हा त्याने गोल्फच्या जुन्या काठ्यांचं ओझं सोबत आणलं आणि त्या माळावर नऊ होल पाडले. गवत नावाला नाही. होलभोवती तेवढी वाळू दाबून सपाट केलेली. मी बारामतीत दातांचा डॉक्टर. रविवारी तिथं जाऊ लागलो. हळूहळू आम्हा हौशी लोकांची एक लीगच झाली.

पहिलं वर्ष कंटाळवाणं गेलं, कारण दर वेळी फौजीच जिंकायचा. मग कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई नवऱ्याबरोबर येऊ लागल्या. आल्याआल्या मोकळ्या आवाजात ‘जय भीम’ म्हणायच्या आणि काठी उचलायच्या. कच्च्या खेळाडूला किती फटक्यांची सूट द्यायची, तो हँडिकॅपचा हिशेब त्यांनीच हातात घेतला.

“डॉक्टर, नऊ होलला चांगल्या खेळाडूला छत्तीस फटके लागावेत, हा झाला पार,” त्यांनी मला समजावलं. “तुमच्या शेवटच्या पाच डावांतले चांगले तीन घ्यायचे. सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास. सरासरी अठ्ठेचाळीस, म्हणजे पारपेक्षा बारा जास्त. त्याचे ऐंशी टक्के, म्हणजे साधारण दहा. तुमच्या फटक्यांतून दर वेळी दहा वजा होणार. उरलेले ज्याचे कमी, तो जिंकला.”

“पूर्ण बारा का नाही?”

“सुधारायला काही कारण राहू दे की!”

वाईट डाव त्या मोजतच नसत, त्यामुळे मुद्दाम खराब खेळून हँडिकॅप वाढवायची सोय उरली नाही. एखाद्याचा चेंडू बाभळीत अडकून फटके वाढतच गेले, तर त्या होलच्या पारच्या दुप्पट फटके धरून पुढं चालायचं. त्या दिवसापासून कोणीही कोणालाही हरवू लागलं आणि रविवारची वाट पाहावी असं झालं.

अशातच बाईंच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या साहेबांना, अर्धांगवायूचा झटका आला. माळेगावच्या साखर कारखान्यात इंजिनिअर म्हणून उभं आयुष्य काढलेला धिप्पाड माणूस. जीव वाचला, पण उजवा हात गेला. कित्येक महिन्यांनी एका रविवारी दोघं माळावर आले. आम्ही सगळे इतके अवघडलो, की त्यांच्यासमोर हँडिकॅप हा शब्दच कोणी उच्चारेना. शेवटी साहेब स्वतःच म्हणाले, “आता माझा हँडिकॅप किती, ते तरी सांगाल का न्हाय?”

फौजी चटकन म्हणाला, “बाई, साहेबांना सरळ तीस फटके द्या. कोण हाय हितं नको म्हणणारं?”

“मी आहे,” बाई म्हणाल्या. “आधी पाच डाव खेळू देत.”

मला ते कठोर वाटलं. साहेब मात्र मान हलवत होते. “बरोबर हाय. फुकटचं मला नको.”

ते पाच डाव मी पाहिले. साहेब डाव्या हाताने काठी फिरवायचे, कधी चेंडूऐवजी मुरूमच उडायचा. बाई शेजारून चालायच्या, पण चेंडू कधी उचलून दिला नाही. पाचव्या डावानंतर त्यांनी हिशेब सांगितला: चोवीस.

पुढच्या रविवारी साहेबांची जोडी माझ्याशी लागली. हात आवरून खेळावं असं मनात आलं. पण बाईंसमोर ते करायची छाती झाली नाही. मी सत्तेचाळीस फटक्यांत डाव संपवला, वजा दहा, सदतीस. साहेबांना बासष्ट लागले, वजा चोवीस, अडतीस. एका फटक्याने मी जिंकलो.

बाईंनी तिथंच सांगितलं, “आता तुमचा हँडिकॅप तेवीस.”

“म्हंजे? हरलो, आन वर एक फटकाबी गेला?”

“झटक्यानंतरचा सगळ्यांत चांगला डाव खेळलात, म्हणून गेला.”

साहेब गदगदून हसले. आजारपणानंतर त्यांना असं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. परतताना गाडीत साहेबांचा डोळा लागला, तेव्हा मी बाईंना म्हणालो, “तीस दिले असते तर आज साहेब जिंकले असते.”

“जिंकले असते,” त्या म्हणाल्या. “पण मग आपण सुधारतोय, हे त्यांना कुठून कळलं असतं?”

मी दवाखान्यात लोकांना बरं वाटावं म्हणून दिवसभर गोड बोलतो. एखाद्या माणसाचा मान इतक्या सरळपणे राखता येतो, हे मला त्या गाडीत समजलं.

त्यानंतर साहेबांनी मला दोनदा हरवलं. गेल्या महिन्यात त्यांचा हँडिकॅप अठरावर आला, तेव्हा काटेवाडीच्या फाट्यावर गाडी थांबवून त्यांनी आम्हा सगळ्यांना चहा पाजला. चहावाल्याने विचारलं, “काय वाढलं म्हणायचं साहेब, पेन्शन?”

“वाढलं न्हाय रे, उतरलंय!” साहेब म्हणाले आणि डाव्या हाताने त्याला सगळा हिशेब समजावू लागले.