अजगराकडे वळवलेला कूलर

हवामानावर माणसाने मिळवलेला संपूर्ण विजय गेल्या मे महिन्यात सोलापुरात, आमच्या पुस्तकांच्या कपाटाशेजारी उभा होता. काचेची एक पेटी, आत लहानसा आफ्रिकी अजगर आणि त्याच्या खाली ऊब देणारी विजेची चटई. चटई थर्मोस्टॅटवर चाले. म्हणजे मे महिन्यात ती चालतच नसे.

अजगर माझ्या मुलीचा, रीतसर परवानगीचा. ती नोकरीसाठी पुण्याला गेली. तिथल्या घरमालकिणीला मांजरसुद्धा चालत नव्हते, म्हणून तो माझ्याकडे राहिला. पेटीची एक बाजू उबदार, दुसरी थोडी कमी आणि हवा दमट, एवढे सांभाळायचे होते. मग त्याचे डोळे दुधाळ निळे झाले. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, तो कात टाकणार. आता हवा कोरडी पडू देऊ नका. डोळ्यांवरची कात तशीच चिकटून राहिली तर डोळा जाऊ शकतो."

तेव्हापासून मी दुपारभर पेटीजवळ बसून राही. पडदे ओढलेले, कूलर घुमत असे, ओल्या वाळ्याचा वास खोलीत तरंगे. मी आत पाण्याचा फवारा मारायचो, काच धुरकट व्हायची आणि त्या धुक्यात तो वेटोळे घालून स्वप्नात असल्यासारखा पडून राहायचा. बघता बघता मलाही डुलकी लागायची. मग खोली पाण्याखाली गेल्यासारखी वाटे, आणि आम्हा दोघांपैकी पेटीत नेमके कोण, हे नीट आठवत नसे.

अशाच एका डुलकीतून जाग आली तेव्हा गार वाटत नव्हते. माढ्याहून आलेल्या माझ्या थोरल्या बहिणीने कूलर पेटीकडे वळवला होता. आमच्याकडे घरी आलेल्या माणसाला कूलरसमोर बसवतात, तेवढेच तिने केले होते. झोत थेट जाळीच्या झाकणातून आत जात होता. काच लख्ख कोरडी. खालची चटई मात्र जोमाने तापत होती.

"अक्का, हे काय केलंस?"

"अरं, बिचारा गपगार पडलाय. म्हटलं, जरा वारं लागू दे."

"त्याला ऊब लागते."

"ऊब? सोलापुरात?" ती माझ्याकडे बघत राहिली. "मग बाहेर गच्चीवर ठिव की."

डोळ्यांचे सांगितले तशी ती लगबगीने उठली. कूलर भिंतीकडे वळला. तिने टॉवेल भिजवून, घट्ट पिळून अर्ध्या झाकणावर घातला. ओल्या शेवाळाचा डबा मी आत ठेवला. काच पुन्हा धुरकटली. आम्ही दोघे घाम पुसत बसून राहिलो. अक्का मधूनच टॉवेल चाचपायची.

उन्हे कलल्यावर त्याने दगडाला नाक घासले. ओठापाशी कात सुटली आणि तो तिच्यातून सावकाश, पायमोजा उलटा व्हावा तसा, बाहेर आला. मी कात खिडकीशी धरली. डोळ्यांच्या जागी दोन बारीक, पारदर्शक चकत्या होत्या.

मुलीला व्हिडिओवर दाखवले. त्याने डोके उचलून काळ्याभोर, स्वच्छ डोळ्यांनी आमच्याकडे रोखून पाहिले. अक्काने नकळत पदर सारखा केला.

"बघतोय की आपल्याकडं," ती हळूच म्हणाली.

या जातीला तसेही जेमतेमच दिसते, असे मुलीने सांगितले.