टँकरच्या रांगेतले कीर्तन

नगरहून निघताना आमच्याजवळ एक रिकामी बॅग होती. माझी मेव्हणी शांता आमच्याबरोबर परत आली, तर तिचे कपडे भरायला म्हणून घेतलेली. नव्वदीच्या सुरुवातीचा तो उन्हाळा. शांता आणि तिचा नवरा दानियल परळची खोली सोडून भाईंदरला, खारी गावाला लागून उठलेल्या एका नव्या इमारतीत राहायला गेले होते. दानियल दिवसभर ऑफिसात, शांता घरात एकटी. जवळपासच्या चर्चमध्ये मराठी उपासना नाही की ओळखीचं माणूस नाही. शेवटी तिने माझ्या बायकोला, सरोजला, फोनवर सांगितलं की दाजींनी येऊन एक कीर्तन करावं. चार माणसं जोडली गेली तर ती तिथे राहील, नाही तर दानियलला एकट्याला ठेवून नगरला येईल.

मी ख्रिस्ती कीर्तनकार. झब्ब्याच्या खिशात चिपळ्या असल्या की मला कुठेही जायचा हुरूप येतो. ठाण्याहून घोडबंदर रस्त्याची बस धरली आणि खाडीचं पाणी बघता बघता इतका रंगलो, की वरसाव्याच्या पुलाशीच "आलं, आलं" म्हणत सरोजला खाली उतरवलं. बस निघून गेली. भर उन्हात मी म्हटलं, यातही देवाची काही योजना असेल.

"उतरायचा थांबा तुम्ही चुकवलात," सरोज म्हणाली. "देवाला कशाला गोवता मध्ये?"

मग रिक्षा. एकीकडे मिठागरात पांढरे ढीग, दुसरीकडे परांच्या (बांधकामाच्या बांबूच्या चौकटी) बांधलेल्या अर्ध्या इमारती. मला तर सगळं गावच आत्ता जन्माला येतंय असं वाटलं आणि आनंद झाला.

रविवारी संध्याकाळी शांताने नवी साडी नेसून सतरंजी अंथरली. दानियलने शोधून काढलेली तीन ख्रिस्ती कुटुंबं आली. मी योना संदेष्ट्याचं आख्यान तयार करून आणलं होतं. नमन झालं, पेटीचा सूर लागला, आणि खालून हाक आली, "टँकर आला!"

बघता बघता खोली रिकामी झाली. दोन दिवस नळाला पाणी नव्हतं, त्यांचाही दोष नव्हता. शांता हंडा उचलून दारात घुटमळली. तिचा चेहरा उतरला होता. "आता झालं, ताई. बॅग भरते मी," ती म्हणाली आणि गेली.

मला रडू यायचं बाकी होतं. सरोजने माझ्या हातात बादली कोंबली. "इथे भिंतींना कीर्तन सांगणार का? चला खाली."

आवारात सगळी इमारत लोटली होती. गुजराती, उत्तर भारतीय, मालवणी, सगळे हंडे-कळशा घेऊन रांगेत. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. आणि ते हंडे बघता बघता माझ्या अंगावर काटा आला. योना कशाला? बायबलातली विहिरीवरची शोमरोनी बाई इथे समोर उभी होती. मी चिपळ्या काढल्या आणि रांगेतच सुरू केलं: भर दुपारी एकटी पाण्याला आलेली बाई, आणि तिच्याकडे पाणी मागणारा, तहानलेला येशू.

पुढच्या एका गृहस्थांनी रिकामा ड्रम उपडा करून असा ठेका धरला की माझा आवाज आपोआप चढला. ते जालन्याकडचे. त्यांची बायको कुसुमताई शांताच्या शेजारी उभी होती. "आम्ही बुद्धाला मानणारे," ती शांताला म्हणाली, "पण गोष्ट चांगलीय. फुडं काय झालं त्या बाईचं?"

आणि कुणाशी न बोलणारी माझी मेव्हणी सांगू लागली. पाणी भरलं, टँकर गेला, तरी त्या दोघी पायरीवर बसून बोलतच होत्या. बोलत बोलतच त्या वर आल्या. मागोमाग रांगेतली माणसंही आली. कीर्तन वरच संपलं, आणि खोली अपुरी पडली म्हणून लोक जिन्यात बसले.

सकाळी दार वाजलं. कमरेवर भरला हंडा घेऊन कुसुमताई उभी. "ताई, तुमचा हंडा राहिला की खाली," ती शांताला म्हणाली.

सरोजने माझ्याकडे पाहिलं. गोष्टीतली ती शोमरोनी बाईसुद्धा आपली घागर विहिरीवरच विसरून गेली होती. कुसुमताई चहाला थांबली. सासूला वाचून दाखवायला तिने योहानाचं शुभवर्तमान मागून घेतलं आणि पुढच्या रविवारी नवरा ढोलकी आणील, असंही सांगून टाकलं. मी आनंदाने चहात दोनदा साखर घातली.

निघायच्या दिवशी शांता आणि कुसुमताईने मिळून जवळच्या मुर्धा गावाहून येणाऱ्या कोळणीशी घासाघीस केली. "ताजा बोंबील नगरपावेतो टिकाचा न्हाय," ती म्हणाली. "सुका हाय, तो न्या." रिकाम्या बॅगेत सुके बोंबील आणि वाळवलेल्या जवळ्याची सुकट गच्च भरली गेली.

शांता आम्हाला रिक्षापर्यंतसुद्धा सोडायला आली नाही. टँकर आला होता. कुसुमताईच्या हंड्यासाठी जागा धरून ती रांगेत उभी होती, तिथूनच तिने हात हलवला.

एस.टी.त त्या वासाने लोक नाकाला पदर लावू लागले. शांताच्या कपड्यांसाठी आणलेली बॅग मांडीवर धरून मी अपराध्यासारखा बसलो होतो. सरोज खिडकीबाहेर बघत होती. तशीच बाहेर बघत म्हणाली, "म्हणा आता. देवाची योजना म्हणा."