‘किरायाची फौज पार्ट टू’ आणि विहिरीवरचा ‘कट’

आमच्या शेलूबाजारात कोणाच्या अंगात आलं, कोणाला काही दिसलं, की मी मोबाईल घेऊन धावायचो... व्हिडिओ काढायला, हात जोडायला नाही. असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आज आहे का, ते विचारू नका. घडलं तेवढं सांगतो.

माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे आणि फावल्या वेळात मी यूट्यूबसाठी वऱ्हाडी पिक्चर बनवतो. ‘किरायाची फौज’ हा त्यातला पहिला. चार म्हातारे, एकेकाळचे भाडोत्री लढवय्ये, आता गुडघे गेलेले, तरी सुपारी घेऊन लोकांच्या लढाया लढतात... अशी स्टोरी. नट घरचेच. माझे बाबा आणि त्यांचे तीन जिवलग दोस्त — रामभाऊ काका, शेषराव काका आणि उत्तम काका. बंदुका पीव्हीसी पाइपच्या, वरून काळा रंग. पण पिक्चर असा चालला की बाजारात लोक बाबांना ‘कमांडर’ म्हणू लागले. बाबाही मग भाजी घेताना छाती काढून उभे राहायचे.

पार्ट टू ठरला आणि उत्तम काका झोपेतच गेले. बाबा कितीतरी दिवस कोणाशी नीट बोलले नाहीत. वर्षश्राद्ध झालं त्या संध्याकाळी मात्र स्वतःच म्हणाले, “काढ बे तो पार्ट टू. त्यानं बिचाऱ्यानं डायलॉग पाठ करून ठेवले होते.”

या वेळी मी एक नियम केला. पहिल्या भागात उत्तम काकांचे गुडघे दुखले की ते मधेच घसा खरवडून “कssट!” असं ओरडायचे आणि सगळी फौज खाली बसून तंबाखू मळायची. अर्धे शॉट त्यातच गेले. म्हणून सगळ्यांना बजावलं — मी कट म्हणेपर्यंत कोणी जागचं हलायचं नाही, डायलॉग थांबवायचा नाही, विंचू डसला तरी!

इंझोरीच्या शिवारात ओळखीच्या एकाच्या शेतात शूटिंग होतं. हिवाळ्याची दुपार, तूर डोक्याएवढी. सीन असा, की दुश्मनाने कमांडरला विहिरीत टाकलंय आणि रामभाऊ काका आणि शेषराव काका तुरीतून सरपटत त्याला सोडवायला येतात. कॅमेरा या दोघांवर. बाबा विहिरीत, फक्त आवाजापुरते. पाण्याच्या वर बाहेर आलेल्या दगडी पायरीवर बसून ओरडायचं, एवढंच त्यांचं काम. मला विहिरीचा घुमारा पाहिजे होता ना! कमरेला दोर होता, त्याचं टोक काठावरच्या बाभळीला. तो काचतो म्हणून बाबांनी खाली गेल्यावर सोडून ठेवला, हे नंतर कळलं.

तालमीत बाबा नोटीस वाचल्यासारखे बोलत होते. टेक सुरू झाला आणि आवाज एकदम बदलला.

“अरे कोनी हाये काय वर? मले काढा रे... मरून राह्यलो मी!”

डायलॉग हाच होता. शब्दन् शब्द हाच. माझ्या अंगावर काटा आला — कौतुकाने. मी अंगठा वर करून दोघांना ‘चालू द्या’ असं खुणावलं. दोघे तुरीत तसेच पडून राहिले, नियमाप्रमाणे. बाबा ओरडत होते, मधेच आवाज तुटत होता, आणि मी स्क्रीनकडे बघत मनात म्हणत होतो, वा कमांडर!

“कssट!”

लांबवलेला, घसा खरवडून काढलेला आवाज. बाभळीकडून.

दोघेही एकदम उठले. मी चिडलो. “कोन म्हनलं कट?”

“मी नाही बा,” रामभाऊ काका म्हणाले. शेषराव काका बाभळीकडे बघत पुटपुटले, “उत्तम्या व्हता तो...”

मी काही बोलणार, तेवढ्यात लक्षात आलं. कट झाला होता. सीन संपला होता. आणि विहिरीतला आवाज अजून चालूच होता.

आम्ही धावलो. पायरीचा दगड निखळला होता. बाबा पाण्यात, मोटारीच्या पाइपला दोन्ही हातांनी कवटाळून. ओठ निळे. दोर फेकला, तर त्यांची बोटं वळेनात. बघता बघता ते पाण्याखाली गेले. मी कसा उतरलो ते मला आठवत नाही. त्यांची कॉलर धरून वर ओढलं, दोर काखेतून बांधला आणि नुसता ओरडत सुटलो, “ओढा, काका, ओढा!” वर दोन म्हातारे, एकाला दमा. दोर हातभर वर जायचा आणि परत खाली यायचा. त्या वेळी मी ज्या ज्या देवांना हसलो होतो त्या सगळ्यांचे पाय धरले... माझा बाप नेऊ नका, एवढंच म्हणत राहिलो. शेवटी बाबा काठावर गेले. शेषराव काकांच्या तळहाताची सालं दोराला चिकटली होती.

मंगरुळपीरला दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर उपयोग नव्हता.

घरी आल्यावर मी रेकॉर्डिंग लावलं. त्यात बाबांचं ओरडणं आहे, तुरीची सळसळ आहे, माझी खाकरही आहे. मग दोघे काका एकदम बाभळीकडे मान वळवतात, उठतात आणि मी विचारतो, “कोन म्हनलं कट?” त्याच्या आधी कोणीच काही म्हणत नाही. स्पीकर बदलून, हेडफोन लावून, दुकानातल्या पोरांना ऐकवून झालं. कट नाहीच.

दवाखान्यात बाबांची सलाईन काढल्यावर मी हळूच विचारलं, “बाबा, तुमाले आयकू आला काय कट?”

“आला ना. पन लय उशिरा म्हनलं त्यानं,” बाबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले. “मी कवापासून त्याले म्हनून राह्यलो होतो... उत्तम्या, तूच म्हन रे बाबा कट. आपलं पोट्टं काही म्हनत नाही.”

मी त्यांच्या पायावर पांघरूण ओढलं. विहिरीत त्यांना उत्तम काका दिसले होते का, हे विचारायची माझी हिंमत अजून झालेली नाही.