विसाव्या ओळीखाली

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, जिला मी पायातल्या कुरूपापर्यंत सगळं सांगते त्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून? की आता ते पोटात राहतच नाही म्हणून? काय माहीत. आजवर कितीदा सांगायचं ठरवलं, आणि ठरवलं की मी चहा टाकायला उठते, मग कपडे वाळत घालते, मग राहून जातं.

कळंबोलीच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात मी सॉफ्टवेअरचं बघते. लोखंडी पत्र्याची जड भेंडोळी वाहणाऱ्या ट्रेलरचं ऑफिस. तिथे हिराताई होत्या. मूळच्या बोनकोड्याच्या, आणि मी तिथून हाकेच्या अंतरावर, कोपरखैरण्याच्या सोसायटीत. रोज माझ्या स्कूटीवर मागे बसून यायच्या. मला 'बाय' म्हणायच्या. डब्यात सुक्या जवळ्याची चटणी असली की अर्धी माझीच. ऑफिसात सतरा वर्षं झालेली त्यांना, आणि काम एकच — ड्रायव्हरांचे फोन घ्यायचे. कुणाचा टायर, कुणाचा क्लच, कुणाचा ब्रेक. तक्रार आधी वहीत लिहायची, मग मोबाइलवरच्या फॉर्ममध्ये भरायची, आणि भरली की वहीत टिक मारायची. ही पद्धत त्यांची त्यांनीच घालून घेतलेली. आम्ही हसायचो. मीच जास्त हसायचे.

मग शेठनी एआय एजंट आणायचं ठरवलं. नुसती उत्तरं देणारा नाही, स्वतः कामं उरकणारा. कळंबोलीत एजंट म्हणजे दलाल, त्यामुळे मॅनेजरने मला पहिल्याच दिवशी विचारलं, "मॅडम, ह्याचं कमिशन किती?" एजंटचं काम साधं होतं. सकाळी तक्रारी वाचायच्या, ज्या गाडीबद्दल तक्रार आहे ती वर्कशॉपला पाठवायची, बाकीच्या गाड्यांपुढे 'ठीक' लिहायचं. मोबाइलवर 'ठीक' दिसलं की ड्रायव्हर माल भरायला निघणार.

एजंट बसवून देणाऱ्या कंपनीच्या माणसाने त्याला ऑफिसातलं प्रत्येक सॉफ्टवेअर जोडून ठेवलं होतं, आणि प्रत्येकाची भलीमोठी माहिती आधीच त्याच्यापुढे ओतलेली. कामाला लागण्याआधीच तो वाचून वाचून गोंधळायचा. मी ते सगळं उपटून टाकलं. काळ्या स्क्रीनवर टाइप करायच्या छोट्या कमांड लिहिल्या. गाड्या हव्यात? 'गाड्या' टाइप कर. तक्रारी हव्यात? 'तक्रारी'. कशी वापरायची ते अडलं तरच विचार, कमांड स्वतः सांगेल. इतकं सुटसुटीत! शेठ म्हणाले, मॅडम, तुम्ही तर जादू केलीत. मी हवेत होते हो. खरंच सांगते, कॉलेजात पहिली आले तेव्हाही इतकी हवेत नव्हते.

आणि काटकसर — मला तिचा रोगच आहे. एजंट जितकं जास्त वाचेल तितका हळू होतो आणि तितका भरकटतो. म्हणून मी प्रत्येक कमांडचं उत्तर छाटलं. 'तक्रारी' म्हटलं की फक्त पहिल्या वीस. रोज येऊन येऊन येतात किती? आठ, दहा. वीस म्हणजे चिक्कार.

आता पुढचं नीट वाचा, कारण इथे मला पळवाट नाही. त्या वीसांच्या शेवटी एक ओळ मी आधी लिहिली होती — 'अजून इतक्या तक्रारी बाकी आहेत.' पण शेठना दाखवायच्या दिवशी मी जुन्या तक्रारींचा ढीग घातला होता, आणि ती ओळ दिसली की एजंट बाकीच्याही मागवायचा. मागवायचाच. सगळा वेग जायचा. मग मी ती ओळ काढली. चुकून नाही गेली — काढली. आणि भरलेल्या तक्रारी बघायचा हिराताईंचा जुना स्क्रीनही बंद करायला लावला. म्हटलं, एका घराला दोन दोन दारं कशाला?

होळीला वर्कशॉप दोन दिवस बंद होतं. तिसऱ्या दिवशी सकाळपर्यंत एकतीस तक्रारी साठल्या होत्या. एजंटने वीस वाचल्या. नामदेव नावाच्या ड्रायव्हरच्या गाडीपुढे 'ठीक' आलं. आदल्या संध्याकाळी त्यानेच फोन करून सांगितलं होतं, ब्रेक लागत नाहीत. 'ठीक' बघून त्याला वाटलं, वर्कशॉप उघडलं आणि कुणी येऊन ब्रेक बघून गेलं. माल भरून तो निघाला. पुलाच्या उतारावर ब्रेक लागले नाहीत. समोरच्या रिक्षेवर जाऊ नये म्हणून त्याने गाडी दुभाजकावर घातली, आणि मागचं भेंडोळं सरकून केबिनवर आलं. नामदेव वाचला. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

दोन दिवसांनी शेठच्या केबिनमध्ये आम्ही चौघं. शेठ, मॅनेजर, हिराताई, मी. नामदेवने सांगितलं होतं की त्याने ताईंना कळवलं. ताईही म्हणत होत्या, कळवलं. प्रश्न एकच होता — ताईंनी ते भरलं का?

"भरलंय मी," त्या म्हणाल्या. "माज्या हातानं भरलंय. ही बगा टिक." मग माझ्याकडे वळल्या. "बाय, तू लाव ना तुजी मशीन. त्यात दिसल. तू लाव."

इतक्या विश्वासाने म्हणाल्या.

मी लॅपटॉप उघडला. 'तक्रारी' टाइप केलं, अपघाताच्या सकाळची यादी मागवली. वीस ओळी आल्या. नामदेवची गाडी नव्हती. आणि त्याच क्षणी मला कळलं. सगळं कळलं. कमांडपुढे एक शब्द जोडला असता — 'सगळ्या' — तर ती दिसली असती. बोटं कीबोर्डवरच होती. किती वेळ लागतो एक शब्द टाइप करायला?

मी म्हणाले, "इथे दिसत नाहीये."

बघा, खोटं एक अक्षर नाही त्यात. तिथे दिसतच नव्हतं. किती हुशार मी!

मॅनेजर म्हणाला, टिक काय, नंतरही मारता येते. ताई त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या. मी स्क्रीनकडे बघत होते. शेठ म्हणाले, उद्यापासून येऊ नका. सतरा वर्षांनंतर ते एवढंच बोलले.

दुपारी माझ्या टेबलाशी बसून मी तो शब्द जोडला. सव्विसावी ओळ. गाडीचा नंबर, 'ब्रेक लागत नाहीत', आदल्या संध्याकाळची वेळ, भरणारी व्यक्ती — हिराताई. मी ती बघितली आणि बंद केली. मग ती काढलेली ओळ परत घातली — 'अजून इतक्या तक्रारी बाकी आहेत.' कामाच्या नोंदीत लिहिलं, 'किरकोळ सुधारणा'. माझ्या हाताने लिहिलं. संध्याकाळी स्कूटीवर एकटीच घरी आले.

तेव्हापासून रोज सकाळी ठरवते, आज शेठना सांगायचं. रोज! कळंबोलीच्या सर्कलपर्यंत वाक्य तोंडात घोळवत नेते आणि गेटवर गिळून टाकते. भीती कसली? नोकरीची? ती तर दुसरी मिळेल. 'जादू केलीत' म्हणणारे पुन्हा तसं बघणार नाहीत, याची. एवढ्यासाठी. लाज वाटते सांगायला, पण एवढ्याचसाठी.

बोनकोड्याच्या बाजारात जायचं मी टाळत होते. गेल्या रविवारी गेले, आणि ताई समोर. मला वाटलं, शिव्या देतील. द्यायला हव्या होत्या. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला, म्हणाल्या, वाळलीस गो. दर आठवड्याला नामदेवच्या खोलीवर डबा घेऊन जातात, असं सांगितलं. "माफी मागते त्याची. मीच इसरली असन, बाय. मना तर वाटतंय भरलेला, पन तुज्या मशीनीत नाय, म्हंजे नायच ना? डोक्याचा भरवसा नाय आता."

मग त्यांनी पिशवीतून एक वही काढली. तसलीच, ऑफिसातल्यासारखी. पानं भरलेली. गॅस बंद केला — टिक. कडी लावली — टिक. गोळी घेतली — टिक. नामदेवच्या डब्यात मीठ घातलं — टिक, आणि तिच्यापुढे पुन्हा एक टिक. सून चिडते म्हणाल्या, पण लिहिल्याशिवाय आता त्यांना घराबाहेर पडवत नाही.

पान माझ्यापुढे धरून त्यांनी कडीपुढच्या टिकवर बोट ठेवलं. "तुजी नजर पक्की हाय. बग ना, ही टिक खरी हाय का? लावली असन ना मी कडी?"

मी म्हणाले, "हो ताई. तुम्ही टिक मारली म्हणजे लावलीच असणार."

हे मी त्यांना भाजीवाल्यासमोर, कडीबद्दल सांगितलं. त्या हसल्या, वही पिशवीत ठेवली आणि डबा घेऊन नामदेवकडे निघाल्या, माफी मागायला. मी मेथीची जुडी घेतली आणि घरी आले.