होद म्हणजे गेला

मुलीनं एक कादंबरी आणली होती. प्रवासात भेटलेली अनोळखी माणसं आणि मग त्यांची आयुष्यं कशी एकमेकांत गुंतत जातात, असं काहीतरी. तिनं ती एका बैठकीत संपवली आणि माझ्या हातात दिली. मी चार पानं वाचून फ्रिजवर ठेवून दिली.

"बाबा, आवडली नाही का?"

"डोळे दुखतात."

घरात माझं असंच चालतं. बायको म्हणते, ह्यांच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे कोरड्या बोअरला मोटर लावणं. मामांकडं अक्कलकोटला जायचं तर मी रेल्वेनं जातो. स्टेशन गावापासून लांब पडतं, एसटी दारात सोडते, तरी. का, असं कुणी विचारलं तर म्हणतो, कंबर दुखते. डोळे, कंबर, जे हाताशी येईल ते दुखवत आलो. आता खरं लिहितो.

तेव्हा मी एसटीनंच जायचो. मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, त्यांना बघून सकाळच्या गाडीनं सोलापूरला परतत होतो. गाडी अर्धी रिकामी. एका फाट्यावर एक म्हातारी चढली आणि सगळ्या मोकळ्या जागा सोडून माझ्यापाशी आली.

"सरक की तम्मा. का बायकोला जागा धरलीस?"

कानडीत म्हणाली. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. त्या भागात बोलण्यात कानडी-मराठी एकत्रच कालवलेली असते. माझं आजोळ तिकडचं, त्यामुळं मला कानडी सगळं कळतं. बोलताना मात्र लहान पोरासारखे मोजकेच शब्द तोंडात येतात.

वळसंग येईपर्यंत तिनं सगळं सांगून टाकलं. एकुलता एक मुलगा, सोलापुरात कापडाच्या मागावर मिस्त्री. कावीळ अंगात मुरली, दवाखान्यात ठेवलंय. ती त्याच्या उशाशीच होती. शेळ्या शेजारणीच्या हवाली करायला म्हणून काल गावाकडं आली आणि आता परत निघाली. मांडीवर डबा होता. ताकातल्या कण्या.

"तिथलं खात न्हाय ते. माझ्या हातचं खातंय," ती म्हणाली. मग कमरेची चंची चाचपून घराची किल्ली आहे ना, ते बघितलं.

वळसंग मागं पडलं आणि तिचा फोन वाजला. तिनं तो कानाला लावला, कपाळाला आठ्या घातल्या आणि माझ्या हातात दिला.

"तू बघ. मराठी तोंडासमोर आसलं की कळतंय. फोनात शिरलं की कळत न्हाय."

पलीकडं पुरुषाचा घोगरा आवाज होता, मागं दवाखान्याचा गलका. "आजी कुटं हाय? तुमी कोन? बरं, आयका. मिस्त्री गेल्यात..."

गाडी खड्ड्यात आदळली. पुढं खरखर झाली आणि फोन बंद पडला.

आमच्याकडं मानाच्या माणसाबद्दल बोलताना 'गेले आहेत' असं कुणी म्हणत नाही. 'गेल्यात' म्हणतात. माझ्या वडिलांच्या वेळी मीच सगळ्यांना फोन करून सांगितलं होतं, अप्पा गेल्यात. त्यामुळं त्या एका शब्दापुढं आणखी काही ऐकायची मला गरज वाटली नाही.

म्हातारी माझ्या तोंडाकडं बघत होती. "काय म्हनला?"

मरणासाठीचा कानडी शब्द मला सापडेना. माझी आजी वापरायची तेवढा एकच आठवत होता. "होद," मी म्हणालो.

होद म्हणजे गेला. आपल्या 'गेला'ला जसे दोन अर्थ, तसेच त्यालाही. मला वाटलं, माझ्या चेहऱ्यावरून तिला कोणता ते कळेल. पण मी सबंध आयुष्य चेहऱ्यावर काही न दाखवण्यात घालवलेलं. तिनं सरळ विचारलं, "एल्लिगे?" कुठं?

तिथं नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. तिचा हात धरला असता तरी. मी म्हणालो, "मनिगे." घरी.

"सोडलं?" तिनं माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "बघ गुलामाचं! आईला डबा करायला लावला आनि आपन निगाला घरी!" मग एकदम तिचा हात कमरेला गेला. "आगं बाई, किल्ली माझ्याकडं! दारात बसंल की लेकरू."

ती उठलीच. कुंभारी आली होती. कंडक्टर म्हणाला, "आजी, तिकीट सोलापूरचं हाय. पैसं माघारी मिळायचं न्हाईत."

"तुलाच ठेव. तुझ्या पोराला गोळ्या घे."

डबा माझ्या मांडीवर ठेवून "तू खा" म्हणाली आणि उतरली. रस्ता ओलांडून उलट बाजूला उभी राहिली. गाडी हलली तेव्हा तिनं मला हात केला.

मी गाडी थांबवली नाही. हे कबूल करायला मला इतकी वर्षं लागली, कारण ती गेल्यावर मला हलकं वाटलं होतं. मनात म्हटलं, जाऊ दे घरी. आपल्या माणसांत कळेल तिला. तोही शेवटी घरीच येणार. तिच्यावर दया केली अशी मी माझी समजूत घातली. तिचा फोन अजून माझ्या मुठीत आहे, हे तो पुन्हा वाजला तेव्हा कळलं.

"कुटवर आलाय? मिस्त्री सारखं दाराकडं बघायल्यात."

मी विचारलं, "मिस्त्री... आहेत?"

"हायेत की! पर गेल्यात जमा. मगाशी तेच सांगत हुतो न्हवं? आना तिला लवकर."

गेल्यात जमा. त्यातला दुसरा शब्द खड्ड्यानं खाल्ला होता.

आणि तेव्हा मी जे बोललो ते ह्याआधी कुणाला सांगितलेलं नाही. मी म्हणालो, "आजी कुंभारीला उतरल्या. मी सांगितलं होतं त्यांना, दवाखान्यात बोलावलंय म्हणून. त्यांना कळलं नसेल." एरवी मला चार वाक्यं जुळवायला अर्धा दिवस लागतो. हे कसं न अडखळता आलं.

"ह्येच्यायला! म्हातारीचं आसंच हाय," तो म्हणाला.

एमआयडीसीपाशी उतरलो, रिक्षा करून कुंभारीला परत गेलो. पानटपरीवाला म्हणाला, म्हातारी? ती काय, वडापच्या जीपनं गेली मघाच. मी पुन्हा फोन लावला. घोगऱ्या आवाजाचा माणूस म्हणाला, गावातला एकजण मोटरसायकल घेऊन तिला आणायला निघालाय, तुम्ही तेवढा फोन आणून द्या.

वॉर्डात तो मला भेटला. उंचापुरा माणूस, केसांत मागावरचा कापूस अडकलेला. कॉटवर मिस्त्री. माझ्याच वयाचा असेल. अंगाचा, डोळ्यांचा रंग हळदीसारखा. माझ्या हातातला डबा त्यानं ओळखला.

"अव्वा?" आई?

"बरत्याळ," मी म्हणालो. येते आहे.

माझं कानडी तेवढं त्याला पुरलं. तो दाराकडं बघत पडून राहिला. नर्स आली की बघायचा, झाडूवाली आली की बघायचा. मी कॉटच्या पायाशी उभा होतो. बसावं की जावं, कळत नव्हतं. मधेच घोगऱ्या आवाजाच्या माणसानं त्याला एक चमचा कण्या भरवायला घेतल्या. त्यानं ओठ मिटून घेतले. आई येऊन भरवेल, असं असेल त्याच्या मनात. मला माहीत नाही. मोटरसायकलवाल्याला ती घरी सापडली, पण ते दोघं डांबरी रस्त्याला लागायच्या आत मिस्त्री गेला. होद. आता त्याचा दुसरा काही अर्थ निघत नव्हता. कुणीतरी फोन करून त्यांना वाटेतूनच मागं फिरवलं.

"चला की साहेब," घोगऱ्या आवाजाचा माणूस म्हणाला. "वाटेत शेवटी तिच्यासंगं तुमीच तर हुता." नाही म्हणायलाही बोलावं लागतं. मिस्त्रीला गावाकडं नेणाऱ्या गाडीत मी बसलो.

घराचं दार सताड उघडं होतं. आत भिंतीशी घोंगडी अंथरलेली, तिच्यावर धुतलेली चादर, उशाला पाण्याचा तांब्या. घरी आलेल्या लेकासाठी केलेली ती तयारी होती. त्याला त्याच घोंगडीवर ठेवलं. तिचं रडणं ओसरल्यावर तिचा दीर बोलला, सगळ्यांसमोर.

"फोनवर येवढं सांगितलं, तरी माघारी फिरलीस व्हय? लेकरू दाराकडं बघत बघत गेलं."

"ह्या साहेबांनी चांगलं सांगितलं हुतं वो," घोगऱ्या आवाजाचा माणूस म्हणाला. "तिलाच कळलं न्हाय."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. तिनंही. मी तिला काय सांगितलं होतं, ते त्या घरात दोघांनाच माहीत होतं. दोनच शब्द होते आणि ते तिच्याच भाषेतले होते. न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं. ती बराच वेळ बघत राहिली. आता बोलेल, असं मला वाटलं. बोलावं, असंही वाटलं. म्हणजे मला बोलावं लागणार नाही.

"ननगे तिळिलिल्ल," ती खाली बघून म्हणाली. म्हणजे, 'मला कळलं नाही.'

दिरानं चुकचुक केलं. बायका तिला म्हणाल्या, जाऊ दे, अडाणी जीव. ती हे का म्हणाली, मला वाचवायला की तिला खरंच तसं वाटलं, ते मला आजवर उलगडलेलं नाही. मी फोन आणि डबा तिच्याजवळ ठेवला. डबा भरलेलाच होता.

एरवी कुणाच्या घरातून निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. मयताच्या घरातून निघताना मात्र तेही म्हणायचं नसतं. न बोलता उठायचं.

मी न बोलता उठलो.